बॅग पुढे घेताना

माझी भाची सप्टेंबरमध्ये शिकायला ल्योंला निघाली आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं आणि तिचा मेसेज आला : 'मावशी, तू तिकडे राहून आलीस. चोरांपासून कसं सांभाळायचं ते जरा लिहून दे ना. आई फार घाबरवतेय.' मी भाषांतर करते, लिहून देणं हा माझा धंदाच आहे. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसले. तीन आठवडे झाले, यादी अजून पुरी झालेली नाही.

तशी यादीतली बरीच कलमं सोपी आहेत. मेट्रोत दाराशी उभं राहून फोन हातात धरायचा नाही. दार मिटण्याच्या क्षणी तो हिसकावला जातो, मग चोर फलाटावर आणि आपण चालत्या गाडीत. पासपोर्ट खोलीवर कुलपात, अंगावर फक्त झेरॉक्स. दोन कार्डं असतील तर दोन वेगळ्या ठिकाणी. बँकेचा नंबर कागदावर लिहिलेला हवा, कारण फोनच गेल्यावर फोनमधला नंबर काय कामाचा? पॅरिसला गेलीस तर साक्रे-करच्या पायऱ्यांखाली मनगटाला रंगीत दोरा बांधू पाहणारे भेटतील; हात खिशात ठेवून चालत राहायचं. नदीकाठी कुणी वाकून तुझ्या पायाशी सोन्याची अंगठी 'सापडवून' दाखवील. ती पितळेची असते. कुणी साध्या वेशातला पोलिस म्हणवून पाकीट बघायला मागितलं, तर पाकीट काढायचं नाही, 'चौकीत जाऊ या' म्हणायचं. पोलिसांचा नंबर 17, आणि युरोपभर चालणारा 112. चोरी झालीच तर तक्रारीची प्रत मागून घ्यायची, ती विम्यालाही लागते आणि दूतावासातही.

यातलं काहीच आयांनी उगाच रचलेलं नाही. एप्रिल 2013 मध्ये पाकीटमारांच्या टोळ्यांना कंटाळून लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि मोनालिसा दिवसभर दाराआड राहिली. दोन वर्षांनी, मे 2015 मध्ये, आयफेल टॉवरवरही तसंच झालं. तेव्हा धोका खराच आहे. माझा पेन अडला तो त्याच्या पुढच्या कलमाशी. ते मी सहज लिहून गेले होते : 'आजूबाजूच्या माणसांवर लक्ष ठेव.'

कोणत्या माणसांवर?

एका कादंबरीच्या भाषांतरासाठी मी दोन महिने पॅरिसमध्ये होते. तिसऱ्याच दिवशी गार द्यु नॉरहून चार नंबरच्या मेट्रोत चढले. गाडी भरलेली. पाकीटमारांपासून सावध राहा अशी घोषणा झाली, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. (त्या फ्रेंच घोषणेतही शब्द 'पिकपॉकेट' हाच. चोराला परक्या भाषेतलं नाव दिलं की तोही परकाच असणार असं वाटायला लागतं.) घोषणा ऐकून माझा हात बॅगेकडे गेला, तर तिथे आधीच एक हात होता. मी तो फटकन झटकला आणि ओरडले. काय ओरडले ते सांगायची लाज वाटते, कारण ते मराठी होतं.

साठीचा माणूस. उत्तर आफ्रिकेतला असावा, रंग माझ्यासारखाच. त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले, तळवे उघडे. मग एका बोटाने माझ्या बॅगेकडे खूण केली. चेन उघडी होती, पाकिटाचं टोक बाहेर आलेलं. तो एवढंच सांगत होता.

मला समजलं तोवर डबा त्याच्याकडे बघायला लागला होता. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. फ्रेंचमध्ये क्षमा मागायचे किमान सहा प्रकार मला माहीत आहेत, कुठला पत्रात चालतो आणि कुठला रस्त्यात हेही मी सांगू शकते. त्यातला एकही तोंडातून आला नाही. पुढच्या स्टेशनवर तो उतरला. ते त्याचं स्टेशन होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. दार मिटल्यावर मी 'पार्दों' म्हणाले, ते शेजारच्या बाईंना वाटलं त्यांनाच.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय? चुकून झालं, तूही घाबरलेली होतीस. खरं आहे. पण हिशेब करून बघू. माझं पाकीट गेलं असतं तर साठ युरो आणि एक कार्ड. कार्ड दहा मिनिटांत बंद झालं असतं, तक्रार झाली असती, रात्री कुणाला तरी फोन करून रडले असते. त्याचं जे गेलं त्याची तक्रार कोणत्या चौकीत नोंदवतात? चोरीच्या भीतीने आपण जी किंमत मोजतो म्हणून सांगतो, ती पुष्कळदा आपण मोजतच नाही. ती दुसऱ्याच्या खिशातून जाते, आणि त्याला न विचारता.

मात्र हा हिशेब मी मांडते तेव्हा माझी बाजू सोपी आहे, हेही मान्य करायला हवं. कर्ज काढून गेलेल्या मुलीच्या बॅगेत पहिल्या महिन्याचं भाडं असतं. तिला 'साठ युरोंचं काय एवढं' म्हणणं हा पोट भरलेल्याचा शहाणपणा झाला. तिने घाबरावं. फक्त त्या भीतीचं तोंड कुणाकडे असावं, हा प्रश्न उरतो.

नवख्या माणसाची भीती वेगळी असते ती चोर जास्त असतात म्हणून नव्हे, तर त्याला काही वाचता येत नाही म्हणून. आपल्या गावात आपण संशयही बारकाईने घेतो. फलाटावरचा कुठला माणूस नुसता रेंगाळतोय आणि कुठला नजर टाकून उभा आहे, हे आपल्याला चपलांवरून, उभं राहण्यावरून, कुणीकडे पाठ केली आहे त्यावरून कळतं. परदेशात ही सगळी बारीक अक्षरं पुसली जातात. उरतात ती मोठी अक्षरं : रंग, कपडे, डोक्यावरचा रुमाल. नवी भाषा शिकणारा पहिल्या पानावर दोनचार ओळखीच्या शब्दांवरून अर्थ लावतो आणि हमखास चुकतो, तसंच हे. पुस्तकात चुकलो तर फार तर भाषांतर बिघडतं.

आणि ही मोठी अक्षरं आपण स्वतः वाचलेली नसतात, ती आपल्याला कुणीतरी सांगून पाठवलेलं असतं. मला निघण्यापूर्वी चार जणांनी एकच सांगितलं : 'त्या जिप्सी मुलींपासून लांब राहा.' हातात कागदाचं पॅड घेऊन सह्या मागत फिरणाऱ्या मुली मला दिसल्याही. एकीने सही करणाऱ्याला गुंतवायचं, दुसरीने खिसा बघायचा, हा प्रकार होतो. पण मी त्या मुलींपासूनच नाही, लांब स्कर्ट घातलेल्या प्रत्येक बाईपासून लांब राहायला लागले. मांडीवर मूल घेऊन बसलेलीपासूनही.

रोमांची भाषा ही आपल्या भाषांची बहीण आहे, हे तुलनात्मक साहित्याच्या वर्गात मी शिकले होते. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मानुश. त्यांच्या भाषेत चोराला काय म्हणतात? चोर. एक दिवस वाचनालयात शब्दकोशात हे बघितलं आणि मला हसूच आलं, मग ते गेलं. 2010 च्या उन्हाळ्यात फ्रान्स सरकारने यांच्या वस्त्या मोडल्या, माणशी तीनशे युरो, मुलामागे शंभर हातावर ठेवले आणि विमानात बसवून रुमानिया-बल्गेरियाला पाठवलं. त्यातल्या किती जणांनी कधी कुणाच्या खिशात हात घातला होता, हे विमानात बसवताना कुणी विचारलं नसावं.

मराठी माणसाने तर या बाबतीत नाक वर करूच नये. आपल्या भाषेत भुरट्या चोराला 'उचल्या' म्हणतात, लबाडाला 'भामटा'. ही दोन्ही जिवंत माणसांच्या जमातींची नावं आहेत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. 1952 मध्ये कायदा गेला, शब्द मात्र राहिले. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 साली आपल्या आत्मकथेचं नाव 'उचल्या' ठेवलं, तेव्हा तो शब्द त्यांनी आपल्याच तोंडावर परत मारला होता. मी ते पुस्तक एम.ए.ला असताना वाचलं, त्यावर निबंध लिहिला, चांगले गुण मिळवले. आणि वीस वर्षांनी पॅरिसच्या मेट्रोत लांब स्कर्ट दिसला की बॅग पोटाशी घेत होते. वाचलेलं हातापर्यंत पोचत नाही ते असं.

एका दुकानात माझ्यामागेही रखवालदार फिरला होता. मी शांपू बघत होते, तो मला बघत होता. म्हणजे बारीक अक्षरं न वाचणारी मी एकटी नव्हते. कांटने 1795 मध्ये परक्या माणसाचा एक हक्क सांगितला : दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवलं एवढ्यावरून त्याला शत्रू मानलं जाऊ नये, मात्र त्यानेही शांततेने वागावं. त्या रखवालदाराने माझा हक्क पाळला नाही, हे मी त्याच रात्री वहीत लिहिलं. त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत माझ्या अटीचं काय झालं, हे लिहायला आज बसले आहे.

'मृच्छकटिका'तला चारुदत्त मला यात फार जवळचा वाटतो. शर्विलक भिंतीला भोक पाडून दागिने नेतो, तर चारुदत्ताला आधी बरं वाटतं, की चोर आपल्या दरिद्री घरातून रिकाम्या हाताने गेला नाही! मग लक्षात येतं, दागिने वसंतसेनेची ठेव होती. तेव्हा तो कोसळतो. दागिने गेले म्हणून नव्हे; गरिबाच्या घरी चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवणार, सगळे म्हणतील यानेच गिळले. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्यावरच संशय येतो, केवळ त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून. नाटक इतकं जुनं, आणि हे त्यातलं काही जुनं झालेलं नाही.

मग करायचं काय? बॅग उघडी टाकून बंधुभाव दाखवायचा? तो मूर्खपणा होईल, आणि ज्याला चोरी करायचीच आहे त्याला उगीच मोहात पाडणंही. मला वाट दिसली ती मुंबईच्या लोकलमध्ये. तिथे पाठीवरची सॅक सगळेच पुढे घेतात. कुणाला ते लागत नाही, कारण ते कुणा एकाला बघून केलेलं नसतं. गाडीत चढलं की करायचं असतं, छत्री मिटतात तसं. आणि त्याच डब्यात, बायकांच्या गर्दीत, दाराशी अडकलेली मुलगी आपली पर्स न बघता पुढच्या अनोळखी हातात देते, ती चार हातांतून फिरत फळीवर जाते आणि उतरायच्या वेळी तशीच परत येते. सावधपणा आणि विश्वास एकाच डब्यात, एकाच बाईच्या अंगी.

बंद चेन कुणावर आरोप करत नाही. कुणी शेजारी येऊन बसल्यावर बंद केलेली चेन करते. फरक एवढाच, आणि तो पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. उरलेल्या सात आठवड्यांत मी खोलीतून निघतानाच चेन लावायची, बॅग पुढे घ्यायची आणि मग तिला हात लावायचा नाही, असं ठरवलं. तरी हात जायचा. कोण जवळ आल्यावर जातो, हे मी मोजायला लागले. ते आकडे इथे देत नाही. माझं काहीही चोरीला गेलं नाही. सावध राहिल्यामुळे गेलं नाही की जाणारच नव्हतं, हे सांगायला मार्ग नाही.

काल रात्री शेवटी यादी पाठवली. 'आजूबाजूच्या माणसांवर लक्ष ठेव' हे कलम खोडलं. त्या जागी लिहिलं : 'आपल्या सामानावर लक्ष ठेव. बॅग दाराबाहेर पडतानाच बंद कर, माणूस बघून नको.' खाली फ्रेंचमधली तीन वाक्यं देवनागरीत लिहून दिली. पहिलं मदत मागायचं, दुसरं पोलिसांना बोलवा म्हणायचं. तिसरं, 'माफ करा, माझी चूक झाली, तुम्ही मदत करत होता.' ही घोकून ठेव, म्हटलं, ऐन वेळी सुचत नाहीत.

सकाळी तिचं उत्तर आलं : 'थँक यू मावशी! कुकर हँडबॅगेत चालतो का गं?'