गळाची काठी आणि धीवराचे पाप

हत्यार घडवणाऱ्याच्या हातून जीव जात नाही, तरी जीव जाण्यात त्याचा वाटा असतो काय, हा प्रश्न भारतीय नीतिविचारात जुना आहे; परंतु तो बहुधा तलवार, कुऱ्हाड आणि विष यांच्या संदर्भात मांडला गेल्यामुळे, घरातल्या टेबलावर सावकाश तयार होणाऱ्या गळाच्या काठीकडे त्याचा रोख सहसा वळत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासंबंधी दोषाचे वाटेकरी सांगताना अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे आठ जण मोजले आहेत, आणि या यादीत सुरी घडवणारा लोहार नाही.

जैन विचाराने ही जागा मोकळी सोडलेली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्माच्या आस्रवाचा, म्हणजे जीवाकडे कर्म वाहत येण्याचा, विचार करताना ‘अधिकरण’ ही संज्ञा येते. अधिकरण म्हणजे ज्याच्या आधाराने कृती घडते ते साधन. निर्जीव अधिकरणाच्या प्रकारांत पहिलाच ‘निर्वर्तना’ हा आहे, म्हणजे वस्तू घडवणे, आणि पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याच्या उदाहरणांमध्ये काष्ठकर्म, अर्थात लाकूडकाम, स्पष्टपणे येते. काठीसाठी वेळू तासणारा हात अशा रीतीने हिशेबात धरला जातो.

तरीही हात धरला म्हणजे दोष ठरला असे नव्हे, कारण त्याच परंपरेत मनाचे पारडे जड आहे. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकात शेतकरी आणि धीवर, म्हणजे मासेमार, यांची तुलना आहे: नांगराखाली असंख्य जीव चिरडूनही शेतकरी तसा पापी ठरत नाही आणि जाळे रिकामे आले तरी धीवर पापी ठरतो, कारण दोघांचे ‘अभिध्यान’, म्हणजे मनाचा रोख, वेगळा असतो. या ग्रंथावरचा कृष्णकांत हंदिकी यांचा मोठा अभ्यास 1949 मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला, त्यामुळे सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या एखाद्या घरात जुनी काठी दुरुस्त होत असेल तर तिच्याविषयीचा वाद शहराला परका नाही. पाणीही दूर नाही. विजापूर रस्त्यावर कंबर तलाव, गावात सिद्धरामेश्वरांच्या नावाचा तलाव आणि जरा पलीकडे हिप्परग्याचा.

आता दुरुस्तीचे काम जवळून पाहावे. काठीवर दोरी ओवायच्या कड्या धाग्याने घट्ट बांधलेल्या असतात. जुना धागा पात्याने अलगद उभा चिरून काढावा लागतो, कडीच्या पायावरचा गंज घासावा लागतो, आणि मग नवा धागा एकाला एक चिकटून, कुठेही फट न राहता, गुंडाळावा लागतो. रेशमी धाग्यावर व्हार्निश चढले की तो जवळजवळ पारदर्शक होतो आणि खालची फट लपत नाही, म्हणून घाई चालत नाही. लेप वाळेपर्यंत काठी फिरवत ठेवली नाही तर तो एका बाजूला ओघळतो. (सोलापूरसारख्या विणकरांच्या गावात धाग्याची ही शिस्त वेगळी समजावून सांगावी लागू नये.) इतका वेळ कारागिराच्या मनात मासा नसतो, फक्त धागा असतो. मग सोमदेवांच्या कसोटीवर तो शेतकऱ्याच्या बाजूला बसतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

हा मोह टिकत नाही. नांगराच्या मापात किडा कुठेच नसतो, तर काठीच्या प्रत्येक मापात मासा असतो: शेंडा किती बारीक ठेवायचा हे मासा आमिषाला तोंड लावतो त्या हलक्या झटक्यावरून ठरते आणि बुंधा किती ताठ हवा हे रोहू किंवा कटल्याच्या वजनावरून. मोडकी काठी अपघाताने का होईना अहिंसक झालेली असते, आणि दुरुस्ती करणारा तिला तिचा स्वभाव परत देतो. मात्र सोमदेवांचे मापही पुरते न्याय्य वाटत नाही, कारण त्यांच्या तुलनेत मन तोलले जाते, पोट तोलले जात नाही. भीमेवर जाळे टाकणाऱ्या भोयाच्या कर्माला निदान अर्थ, म्हणजे प्रयोजन, आहे. जैन श्रावकाचारात निष्प्रयोजन हिंसेला ‘अनर्थदंड’ म्हणतात आणि हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, ‘हिंसादान’, हा त्याचाच एक प्रकार मानतात. या दृष्टीने, मासा गळाला लावून पुन्हा पाण्यात सोडणारा हौशी माणूस स्वतःला दयाळू समजत असला, तरी त्याची बाजू भोयाहून दुबळी आहे. माशाच्या ओठाला झालेल्या जखमेचे त्याच्याकडे हौसेपलीकडे कारण नसते.

भिंतीवर टांगण्यासाठीच काठी दुरुस्त करणाऱ्याचे काय, हा प्रश्न तेवढा उरतो. त्याची काठी पाण्यापर्यंत जात नाही आणि तो ती कोणाला देतही नाही. पण काम नीट झाले की नाही हे पाहायला त्यालाही कड्यांतून तंगूस ओवून टोकाला वजन बांधावे लागते आणि काठी सावकाश उचलत ती कुठे वाकते ते न्याहाळावे लागते. ते वजन बांधताना मनात काय असते, तेच त्याचे अभिध्यान.