संशयाचा फायदा कोणास?

फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. दोषी सुटला तरी चालेल, परंतु निरपराध्यास शिक्षा होता कामा नये, ही नैतिक निवड त्या नियमाच्या मुळाशी आहे. पण आरोपी मनुष्य नसून नवे बियाणे असेल आणि हानी झालीच तर ती खाणाऱ्याची व भूमीची असेल, तेव्हा हा फायदा कोणास द्यावा?

जागतिक व्यापार संघटनेपुढे हा प्रश्न २००३ साली आला. जनुकीय बदल केलेल्या पिकांना नवे परवाने देणे युरोपीय समुदायाने १९९९ पासून प्रत्यक्षात थांबविले होते. अमेरिका, कॅनडा व अर्जेंटिना यांनी तक्रार केली. २००६ मध्ये न्यायमंडळाने कौल युरोपविरुद्ध दिला. मात्र ही पिके निर्धोक आहेत की नाहीत, यावर त्याने मत दिले नाही. परवान्यांस अवाजवी विलंब झाला आणि ऑस्ट्रिया, फ्रान्स आदी सहा राष्ट्रांनी घातलेली बंदी धोक्याच्या शास्त्रीय मूल्यमापनावर आधारलेली नव्हती, एवढाच ठपका.

१९९५ पासून अमलात असलेल्या संबंधित कराराच्या पाचव्या कलमात एक मार्मिक तरतूद आहे. पुरावा अपुरा असल्यास तात्पुरता निर्बंध घालता येतो. पण अधिक माहिती मिळविण्याचा यत्न करावा लागतो आणि वाजवी मुदतीत फेरविचारही. अज्ञान कबूल करण्यास मुभा आहे. अज्ञानात स्वस्थ बसण्यास नाही.

येथे मात्र एक शंका उरते. पुरावा जमविण्यास प्रयोगशाळा लागतात, आणि त्या सर्व राष्ट्रांपाशी सारख्या नाहीत. दरिद्री राष्ट्राने भीती शास्त्राने सिद्ध करावी म्हणणे, हे वकील देऊ न शकणाऱ्या पक्षकारास युक्तिवाद करावयास सांगण्यासारखेच आहे. २००० साली संमत झालेल्या कार्ताहेना शिष्टाचाराने, शास्त्रीय निश्चितीचा अभाव असतानाही आयातदार राष्ट्रास सावध निर्णयाची मोकळीक दिली. परंतु तक्रारदार त्याने बांधलेले नसल्याने तो या दाव्यात लागू धरला गेला नाही.

माझ्या मते येथे राज्यकर्ता न्यायाधीशापेक्षा विश्वस्ताच्या जागी अधिक आहे. दुसऱ्याचे द्रव्य विश्वस्ताने डोळे मिटून नव्या धंद्यात घालू नये, तसेच ते पेटीत कुलूपबंद करून निजूही नये. हिशेब मागणारे अद्याप जन्मास यावयाचे आहेत, एवढे त्याने विसरू नये.