प्रमाद

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली विजेच्या मीटरांची लाकडी पेटी आहे. गेल्या आषाढात त्या पेटीमागे मांजरीची तीन पिल्लं सापडली. आई दोन दिवस दिसली नव्हती. ती कोपऱ्यावर गाडीखाली गेली, असं वॉचमनने सांगितलं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असावीत. एव्हाना त्यांचे निळसर डोळे उघडून टुकूटुकू बघायला हवे होते. पण तिघांच्याही पापण्या पिवळट पुवाने चिकटल्या होत्या. सर्वांत लहान होती ती मादी. तिचा डावा डोळा बंद पापणीखाली फुगून वर आला होता.

आमचं घराणं चार पिढ्या बडोद्यात आहे आणि घरात मांजर नाही असा काळ मला आठवत नाही. त्यामुळे थोडंफार मला येत होतं. पेलाभर पाणी उकळायचं, त्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून कोमट होऊ द्यायचं. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवायचं. ओला कापूस डोळ्यावर मिनिटभर धरायचा. खपली मऊ झाली की नाकाकडून बाहेरच्या बाजूला हलकेच पुसायची, ओढायची नाही. प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्यायचा आणि प्रत्येक पिल्लानंतर हात साबणाने धुवायचे, कारण हा संसर्ग माणसाच्या बोटांवरूनही एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे जातो.

दोघांचे डोळे दुसऱ्या दिवशी उघडले. धाकटीचा डावाही उघडला, पण लालभडक होता. ती तो उजेडात मिटून घेई. मला राहवेना. फ्रीजच्या दारात ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. डोळ्याचंच औषध, मोठ्या डॉक्टरांनी दिलेलं, महागाचं. बाटलीत थोडंच उरलं होतं, म्हणून बाकीच्या दोघांना न घालता मी ते फक्त धाकटीला घातलं. दिवसातून चार वेळा, आणि रात्री गजर लावून उठून एकदा.

दोन दिवसांत लाली उतरली. मी शेजारच्या बेनना बोलावून दाखवलं. चौथ्या दिवशी बुबुळावर निळसर पांढरा ढग दिसला. पाचव्या दिवशी मी रिक्षा करून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मुलगी तरुण होती. तिने डोळ्याला नारिंगी रंगाची पट्टी लावली, निळा दिवा धरला, आणि बुबुळाचा अर्धाअधिक भाग हिरवा चमकला. तेवढी जखम होती. तिने बाटली मागितली, वाचली आणि विचारलं, “आंटी, यात स्टिरॉइड आहे, बघितलं होतं का?”

मग तिने समजावून सांगितलं. पिल्लांमधला हा आजार बहुतेक वेळा मांजरांमधल्या नागीणवर्गीय विषाणूपासून सुरू होतो आणि मागून जिवाणू येतात. तो विषाणू बुबुळाला जखम करू शकतो. स्टिरॉइडने सूज आणि लाली झटकन उतरते, म्हणून बरं वाटतं. पण त्याच वेळी जखम भरणं थांबतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. म्हणजे मी बेनना बोलावून जी सुधारणा दाखवली, ती बिघाडाचीच सुरुवात होती. आठवड्याभरात डोळा फुटला. पुढे धाकटीचं वजन वाढल्यावर भूल देऊन तो काढला आणि पापण्या शिवल्या. बाकीच्या दोघांचे चारही डोळे स्वच्छ आहेत. जिची मला सर्वांत जास्त काळजी वाटली, तिचंच मी नुकसान केलं.

या गोष्टीवर लोकांनी माझी तीन प्रकारे समजूत घातली. तुमचा हेतू चांगला होता. तुम्ही उचललं नसतं तर ती मेलीच असती. आणि डोळा तसाही गेला असता. हे तिसरं डॉक्टर मुलगीही म्हणाली. जखम आधीपासून असू शकते, नक्की सांगता येत नाही. तिन्ही वाक्यं कदाचित खरी आहेत. तरीही त्यातल्या एकानेही मला मोकळं वाटलं नाही. ही नुसती हळवेपणाची खंत आहे, की ती वाक्यं खरी असूनही काहीतरी उरतं, हे मला शोधायचं होतं.

गुजरातेत अशा प्रश्नाला जुनी ओळख आहे. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत तळमळत होतं. बरं होण्याची आशा उरली नाही तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. त्यावर खूप टीका झाली. हिंसा कशाला म्हणायचं हे ठरवताना कृतीमागची वृत्ती बघावी लागते, अशा बाजूने त्यांनी उत्तर दिलं. हेतूच्या आधाराने सुटायचं तर मला हा दाखला सोयीचा होता. पण तो मला लागू पडत नाही. गांधीजींचं बरोबर होतं की चूक यावर वाद घालता येईल, मात्र आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जाणत्यांना विचारलं होतं. मी कोणाला विचारलं नव्हतं.

उत्तर मला शेजारच्या घरातच भेटलं. बेन जैन आहेत. त्यांच्याकडे उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र आहे. श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही मानतात तो ग्रंथ. त्यात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या कृतीला एक शब्द जोडलेला आहे: प्रमाद. म्हणजे गाफीलपणा, सावध नसणं. हेतू वाईट होता का, एवढ्याने तिथे भागत नाही. तू जागा होतास का, हेही बघावं लागतं. मराठीत आपण हा शब्द किती स्वस्त केला आहे. ‘हातून प्रमाद घडला’ हे पत्राच्या शेवटी लिहायचं सभ्य वाक्य झालं आहे. जणू प्रमाद आपोआप घडतो आणि हात तिथे नुसते हजर असतात.

मी अजाण होते असंही म्हणता येत नाही. औषधाचं नाव बाटलीवर छापलेलं होतं. उघडल्यापासून महिन्याभरात फेकून द्या, हेही होतं. चष्मा टेबलावर होता, फोन हातात होता. मग मी स्वतःला एक प्रश्न विचारला. माझ्या नातवाचा डोळा असा सुजला असता तर मी आजोबांचे उरलेले थेंब त्याला घातले असते का? छे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या डोळ्याला गुलाबपाणीसुद्धा लावलं नसतं. म्हणजे माझ्या करुणेत कुठेतरी एक सूट दडलेली होती. रस्त्यावरचं पिल्लू आहे, त्याला एवढं पुरे. जगलं तर माझं पुण्य, नाही तर त्याचं नशीब. रात्री गजर लावून उठणारी बाई हा हिशेब करत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मला खंत वाटते ती याची. औषध चुकलं ते या हिशेबामुळे.

लहानपणी आपण सगळ्यांनी एकनाथांची गोष्ट ऐकलेली असते. काशीहून आणलेल्या गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. दयेची आपली कल्पना तिथे घडते: आपल्याजवळचं मोलाचं काढून द्यायचं. पण तहानेला पाणी हवं हे कळायला वेगळी विद्या लागत नाही. औषध पाण्यासारखं नसतं. ते किती मोलाचं आहे याने काही ठरत नाही. ते त्या जिवाला चालेल का, हे कोणीतरी वाचावं लागतं.

हे मी बेनना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असं बोलाल तर उद्या कोणी पिल्लू उचलणारच नाही.” आक्षेप खरा आहे. गावोगाव प्राण्यांचा डॉक्टर नाही, असला तरी प्रत्येकाला परवडत नाही. अपराधाची भीती घालून लोकांची दया आटली तर मीटरच्या पेटीमागे पिल्लं मरतील, आणि ती माझ्या नैतिक काटेकोरपणाने वाचणार नाहीत. म्हणून मी पशुवैद्याची विद्या मागत नाही. माझी मागणी लहान आहे. जे माहीत आहे ते करावं: ऊब, स्वच्छता, मिठाचं कोमट पाणी. बाकीच्या दोघांना मी तेच केलं होतं. जे माहीत नाही ते घालण्याआधी विचारावं. आणि विचारायला कोणी नसेल तर हात आवरावा. हात आवरणं ही निष्क्रियता वाटते, पण मला त्या वेळी तेच सर्वांत कठीण गेलं; काही न करता तो लाल डोळा बघत बसणं मला सोसवेना. थेंब मी काही अंशी माझ्याच बेचैनीवर घातले.

भाद्रपदात संवत्सरी आली. बेन दारात हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून गेल्या. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर त्याची क्षमा. मीही त्यांना म्हटलं. मग घरात येऊन धाकटीसमोर बसले. तिने डोकं माझ्या हातावर घासलं. एखाद्याला ती क्षमा वाटेल. मला तसं मानता आलं नाही. तिच्या लेखी अपराध झालेलाच नाही, म्हणून क्षमाही नाही. तिचा विश्वास माझ्या खात्यात माफी म्हणून जमा करणं ही आणखी एक चलाखी होईल. ज्याला क्षमा करता येत नाही त्याचं देणं फेडून संपत नाही. ते वागण्यात सांभाळायचं असतं.

दोन पिल्लं चांगल्या घरी गेली. धाकटी इथेच आहे. फ्रीजच्या दारातल्या सगळ्या बाटल्या मी चष्मा लावून वाचल्या आणि अर्ध्या फेकल्या. तिला डावीकडून कोणी जवळ आलेलं दिसत नाही, ती दचकते. म्हणून त्या बाजूने जाताना मी आधी हाक मारते, आणि तिने मान वळवली की मगच हात पुढे करते.