पुठ्ठ्याचा सूर्य

दार ओढून घे. उभा राहू नकोस, बस. मला आज बरंच बोलायचंय, आणि उभ्या माणसाला रागवायचं म्हणजे माझी मान दुखते.

काल तिसऱ्या तासाला मी तुझ्या पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. भिंतीवर पुठ्ठ्याचा सूर्य, पुठ्ठ्याचा चंद्र, चमकी लावलेल्या चांदण्या आणि प्रत्येकाखाली मुलांची नावं. तू छाती फुगवून म्हणालास, "बाई, सगळ्यांची पातळी सारखी नसते, म्हणून गट केलेत." कधी केलेस? जूनमध्ये. आणि आता दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली. एकही चिठ्ठी एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर गेलेली नाही. अरे, एकदा चिकटलं की सुटत नाही, अशा गटाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचा वेगळा रकाना असतो.

मान खाली घालू नकोस, ऐक. तू फळ्यावर अपूर्णांकांच्या बेरजेची दहा उदाहरणं घातलीस. पहिल्या बाकावरच्या त्या दोन वेण्यांच्या मुलीनं ती किती वेळात केली? मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं. पस्तीस मिनिटांचा तास. मग तू काय केलंस? बारा वह्या आणि लाल पेन तिच्या हातात दिलंस, "जा, तपास." तुला वाटलं, केवढा मान दिला! पाचव्या वहीनंतर ती न वाचताच बरोबरच्या खुणा ओढत होती. मला दिसलं, तुला दिसलं नाही. कधीतरी दुसऱ्याला समजावून सांगायला लावलंस तर हरकत नाही, सांगता सांगता आपलंही पक्कं होतं. पण रोज? वह्या तपासायचा पगार सरकार तुला देतं, तिला नाही.

आणि ज्या दिवशी वह्या नसतात, त्या दिवशी तू तिला "आणखी दहा कर" म्हणतोस. तिची वही चाळली मी. म्हणजे ज्याचं जेवण आधी झालं, त्याच्यापुढे तेच ताट पुन्हा वाढायचं. शहाणं पोर काय करेल? पुढच्या वेळी सावकाश जेवेल. ती करायला लागलीच आहे. ऑगस्टपासूनची तिची उदाहरणं बघ, मुद्दाम रेंगाळल्यासारखी कोरून काढलेली आहेत.

"सहावीचं पुस्तक देऊ का," असं विचारू नकोस. मग पुढच्या वर्षी ती काय करेल? पुन्हा वह्याच तपासेल. पुस्तक बदलू नकोस, प्रश्न बदल. अपूर्णांकच दे. सांग तिला, एक छेद दोन, एक छेद तीन आणि एक छेद सहा यांची बेरीज कर. येईल एक. आता विचार, अंशस्थानी एकच असलेले तीन वेगवेगळे अपूर्णांक घेऊन एक करायची दुसरी रीत आहे का? नसेल तर का नाही? ही एकच रीत आहे, पण ते तू सांगायचं नाहीस. तिला शोधू दे, भांडू दे. मग तीनाऐवजी चार अपूर्णांक घ्यायला सांग. तिथं सहा रीती निघतात. तिचे चार दिवस गेले असते यात. समच्छेद करण्याचा सराव तुझ्या दहा उदाहरणांपेक्षा दसपट झाला असता, आणि तो होतोय हे तिला कळलंही नसतं.

साहित्य नाही, म्हणतोस? कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांच्या ६१७४ ला कुठलं साहित्य लागलं? चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. ३५२४ घे. अंक चढत्या आणि उतरत्या क्रमानं मांड, मोठ्यातून लहान वजा कर. ३०८७. पुन्हा तेच, ८३५२. पुन्हा, ६१७४. आता पोरांना विचार, तीन अंकांचं काय होतं? दोन अंकांचं? वजाबाकीला कंटाळलेला अख्खा वर्ग पाटीवर पडेल.

पण मला खरा राग आलाय तो दुसऱ्यासाठी. खिडकीजवळचा मुलगा, चांदण्यांमधला. वाचताना अडखळतो, म्हणून भाषेत चांदणी. ठीक. मग गणितात का चांदणी? परिसर अभ्यासात का? गेल्या आठवड्यात तू फळ्यावर घनाची घडणी काढलीस आणि एक चौकोन चुकीच्या जागी गेला. तो म्हणाला, "सर, ह्याचा डबा मिटणार नाही." तू म्हणालास, "खाली बस." हो, कळलं मला. पोरं घरी जाऊन सांगतात, आया मला येऊन सांगतात. कागद न दुमडता, नुसत्या नजरेनं घडणी मिटवून बघणारं पोर आहे ते! घनाच्या एकूण अकरा घडणी होतात. त्याला आणि त्या वेण्यावालीला एका बाकावर बसवून अकरा शोधायला लावल्या असत्यास, तर तिनं नोंदी ठेवल्या असत्या आणि त्यानं डोळे चालवले असते. तो गट तेवढ्या आठवड्यापुरता. अपूर्णांक आले की मोडायचा. घड्याळ शिकवताना तीच मुलगी चाचपडली तर ती तुझ्याजवळ बसेल, त्यात तिची लाज कसली?

चार पोरांना एका कामासाठी एकत्र बसवायचं असतं, रे. काम संपलं की गट संपला.

आपल्याला हे येत नाही असं नाही. 'प्रथम' संस्थेनं वाचनासाठी दाखवलंच ना? इयत्ता बाजूला ठेवायची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, पोर जिथं असेल तिथं बसवायचं, आणि ते पुढे सरकलं की गटही बदलायचा. ते शिबिर तू केलंस, चहा-बिस्किटं खाल्लीस. मागे पडलेल्यांसाठी जे चालतं, ते पुढे गेलेल्यांसाठी का चालू नये? १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडशांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी उभी केली. पण या गावातलं पोर तिथं जाणार नाही. त्याची प्रबोधिनी म्हणजे तू. कठीण आहे, मला कळतं.

वर्गात बेचाळीस मुलं आहेत, हे पुन्हा ऐकवू नकोस. कायद्यानं पाचवीला एका शिक्षकामागे ३० हवीत. पत्र मी पाठवलंय, उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर तू एवढं करशील. नवा धडा सुरू करायच्या आदल्या दिवशी पाच प्रश्नांची चिठ्ठी, दहा मिनिटं. ज्यांचे पाचही बरोबर, त्यांना त्या धड्याचा सराव माफ, वेगळा प्रश्न द्यायचा. ज्यांचे दोन, ती तुझ्याजवळ. दर दोन आठवड्यांनी नावं हलली पाहिजेत. नाही हलली, तर चूक पोरांची नाही, तुझ्या चिठ्ठीची. आणि गटांना नावं द्यायची हौस असेल तर कामाची दे, 'घडणीवाले', 'छेदवाले'. तुझ्या त्या सूर्याखाली उभं राहून चांदणीतलं पोर रोज काय वाचतं, याचा विचार केलायस?

माझ्या वर्गात तू गणितात कितवा होतास, ते सांगू? राहू दे.

उद्या प्रार्थनेच्या आधी भिंत रिकामी दिसली पाहिजे. पुठ्ठे फेकू नकोस, पाठची बाजू कोरी आहे, घडणी कापायला होतील. आणि त्या बारा वह्या तिच्याकडून परत घे. आज रात्री तू तपास. पाचव्या वहीनंतरच्या सगळ्या खुणा पुन्हा बघ.