चाळीस दिवसांचा उपवास, वर्षभराचे ताट



राखेच्या बुधवारी आपण कपाळी राख लावून घेतली आणि उपवासकाळात पाऊल टाकले. कुणी मांस सोडले, कुणी दारू, कुणी चहातली साखर. यंदा काही जण आम्हाला विचारतात, "फादर, या चाळीस दिवसांत वजनही कमी करायचे आहे. हे चालेल का? की उपवासाचा तो गैरवापर ठरेल?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून या रविवारी त्यावरच विचार करू या.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण येशूच्या रानातील परीक्षेचे शुभवर्तमान ऐकतो. चाळीस दिवसांनंतर येशूला भूक लागली. भूक लागणे हे पाप नव्हते. भाकरीही वाईट नव्हती. याच येशूने पुढे पाच हजारांना पोटभर जेवू घातले. सैतानाचा डाव वेगळाच होता. पोटाने हुकूम करावा आणि माणसाने तो निमूट पाळावा, असे त्याला हवे होते. येशूने ते नाकारले. आपल्यापुढेही प्रश्न हाच आहे : ताटावर सत्ता कुणाची?

संत पौल करिंथकरांस लिहितो की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि ते आपल्या मालकीचे नाही (१ करिंथ ६:१९). ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही आरोग्याला देवाने सोपवलेली मोलाची देणगी मानते. अन्न, दारू, तंबाखू, औषधे यांचा अतिरेक टाळावा असे ती सांगते. त्याचबरोबर सुडौल शरीराचीच पूजा मांडू नका, असाही इशारा देते (कलमे २२८८ ते २२९०). म्हणजे देहाची हेळसांड नको आणि देहाचे देव्हारेही नकोत.

आता आपल्या वसईकडे पाहू. आपले आजोबा पहाटे उठून वाडीला पाणी देत, भाजीच्या नाहीतर दुधाच्या फेऱ्या करीत. घरी तांदळाची भाकरी, वाडीतली भाजी, सुका बोंबील. आज वाड्या कमी झाल्या, बावखले बुजली. आपण सकाळची लोकल पकडतो, दिवसभर खुर्चीत बसतो, परतताना स्टेशनवर वडापाव खातो आणि रात्री उशिरा टीव्हीसमोर जेवतो. भाताचा ढीग तेवढाच राहिला, घाम मात्र गेला. त्यात बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, लग्न, सण. आपल्याकडे माया वाढपातूनच व्यक्त होते. नको म्हटले तर यजमानाला वाईट वाटते.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जातो. पूर्वी खाटेवर बहुधा ऐंशीतली माणसे भेटत. आता पन्नाशीतलीही भेटतात. कुणाला पक्षाघात झालेला, कुणी डायलिसिसवर, कुणाचा मधुमेहाने पाय गेलेला. शेजारी मुलांचे शिक्षण अजून चालू असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या लोकांची चरबी पोटावर आधी साठते. म्हणून पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर तो इशारा समजावा.

परंतु आशा आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ८० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. आपल्या देशातील २००६ च्या अभ्यासात तर वजन फारसे न घटताही, केवळ आहार आणि चालणे सुधारल्याने हे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक कमी झाले. म्हणजे काटा हलला नाही तरी सवय वाया जात नाही.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. उपवासकाळात वजन कमी करण्याचा निश्चय चालेल का? होय, पण तेवढ्याने उपवास पूर्ण होत नाही. पथ्यात मी माझ्याकडे पाहतो. उपवासात मी देवाकडे आणि भुकेल्याकडे पाहतो. यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे : आपल्या भाकरीतला वाटा भुकेल्याला देणे. श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांच्या दाखल्यातही धनवानाचे ताट भरलेले होते एवढाच दोष नव्हता. दारातला लाजरस त्याला दिसला नाही, हा दोष होता. म्हणून वडापाव, थंड पेय, बिर्याणी यांचे वाचलेले पैसे डब्यात टाका आणि ईस्टरपूर्वी गरजूला द्या. आणि शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून पापलेट-कोळंबीची मेजवानी झोडली, तर नियम पाळला जाईल, उपवास होणार नाही.

दोन गोष्टी जपा. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांच्या उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत लागू आहे. आजारी माणसांना आणि गरोदर स्त्रियांना त्यातून सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. थकलेल्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही, उठून खा असे सांगितले. दुसरे, कुणाच्या जाडेपणाची थट्टा करू नका. वजनामागे थायरॉइड, औषधे, आनुवंशिकता, मनाचे दुःखही असते. लठ्ठपणा हे पापाचे माप नाही; टोमणा मात्र प्रेमाविरुद्धचे पाप आहे.

या आठवड्यापासून घरी एवढे करू या :

१. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, पाव भात किंवा भाकरीचे, पाव डाळ, मासे किंवा अंड्याचे.

२. मासे तळण्याऐवजी कालवण करावे. चहातली साखर अर्धी करावी. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, हे मुलांना सांगावे.

३. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. चालता चालता पवित्र रोझरीची पाच रहस्ये सहज होतात.

४. घरातल्या आईने उरलेले अन्न संपवण्यासाठी जेवू नये. स्वयंपाक बेताचा करावा आणि तिला सर्वांबरोबर जेवायला बसवावे.

५. वजन आठवड्यातून एकदाच पाहावे. आठवड्याला अर्धा किलो कमी झाले तरी पुरे. चाळीस दिवसांत पंधरा किलो घटवण्याचे आमिष दाखवणाऱ्यांपासून दूर राहावे.

६. लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेनंतर समोशांऐवजी उकडलेले चणे आणि केळी ठेवावीत.

हे करताना कधी पाय घसरेल. लग्नात ताट भरेल, रात्री फ्रिज उघडला जाईल. तेव्हा "आता सगळेच बिघडले" असे म्हणून सोडून देऊ नका. पापनिवेदनाला आपण याच विश्वासाने जातो की देव पुन्हा सुरुवात करू देतो. दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपासून पुन्हा सुरुवात करा. आणि ईस्टरच्या सकाळी आनंदाने जेवा. पुनरुत्थित प्रभूने स्वतः तळ्याकाठी शिष्यांना मासे आणि भाकरीची न्याहारी दिली होती. फक्त सोमवारी जुन्या ताटाकडे परत जाऊ नका. उपवास चाळीस दिवसांत संपेल, मंदिर आयुष्यभर सांभाळायचे आहे.

हे प्रभो, तू आम्हांला देह दिलास आणि रोजची भाकरी दिलीस. ती मापाने खाण्याचे, आनंदाने वाटण्याचे आणि तुझे आभार मानून उठण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.