झोल्डबुख : मालकी कोणाची, दोष कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक खिशात जी लहानशी पुस्तिका बाळगत असे, तिचे नाव झोल्डबुख. पगाराची वही आणि ओळखपत्र ही दोन्ही कामे ती करी. सैनिकाचा धर्म, मूळ व्यवसाय, उंची, डोळ्यांचा रंग, बुटाचे माप, रक्तगट, मिळालेले कपडे व शस्त्रे, टोचलेल्या लसी, पदके आणि रजा या सर्वांची नोंद तिच्यात होई. युद्धाच्या उत्तरार्धात छायाचित्रही चिकटवले जाऊ लागले. आज तिची खरेदी-विक्री होते. तुकडी नामांकित आणि पदके जास्त असली की किंमत चढते; एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्या सैनिकाची पुस्तिका तर साध्या पायदळातल्या सैनिकाच्या पुस्तिकेपेक्षा बरीच महाग असते.

पहिला प्रश्न मालकीचा. युद्धकैद्याची ओळखपत्रे काढून घेऊ नयेत आणि मृतांजवळच्या वैयक्तिक वस्तू गोळा करून शत्रुपक्षाकडे पोचवाव्यात, असे १९२९ च्या जिनिव्हा करारांत ठरले होते. तरीही अनेक पुस्तिका विजयाची आठवण म्हणून उचलल्या गेल्या. काही मात्र सैनिकांच्या कुटुंबीयांनीच विकल्या, आणि त्या व्यवहारात गैर काही नाही. उचललेली पुस्तिका पुढे कितीही हातांतून गेली, तरी मूळ अन्याय पुसला जात नाही. नकळत ती विकत घेणारा चोर ठरत नाही, पण कर्तव्यातून सुटतही नाही. पत्नीचे किंवा आईवडिलांचे नाव-पत्ते पुस्तिकेतच लिहिलेले असतात. सैनिक बेपत्ता असेल, तर पुस्तिकेतली माहिती वारसांपर्यंत किंवा जर्मनीच्या संघीय अभिलेखागारापर्यंत पोचायला हवी. सैनिकांच्या नोंदी सांभाळणारे बर्लिनचे जुने कार्यालय २०१९ पासून याच अभिलेखागारात सामील झाले आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. माणूस कोणत्या तुकडीत होता हे पुस्तिका सांगते. त्याने काय केले हे सांगत नाही. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांची पत्नी ज्यू होती आणि नाझी राजवटीने १९३७ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले होते. १९४६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोषाचे चार प्रकार मांडले. गुन्ह्याचा निवाडा न्यायालय करते. राजकीय दोषाचे परिणाम सर्व नागरिकांना भोगावे लागतात. नैतिक दोष ज्याचा त्याच्या सद्सद्विवेकापुढे असतो. चौथा पारमार्थिक दोष, म्हणजे इतर मारले जात असताना आपण जिवंत राहिलो याचा. त्याचा न्याय फक्त ईश्वराकडे. तुकडीच्या शिक्क्यावरून यांपैकी एकही दोष सिद्ध होत नाही, आणि एकही धुतला जात नाही. सामान्य सैन्यदलांचाही अत्याचारांत हात होता, हे १९९५ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुरू झालेल्या प्रदर्शनाने व्यापक जर्मन समाजापुढे आणले.

दोषाच्या दृष्टीने पुस्तिकेतली सर्वांत गंभीर नोंद धर्माच्या रकान्यातली. तिथे प्रोटेस्टंट, कॅथलिक किंवा 'गॉटग्लॉयबिग', म्हणजे चर्च सोडलेला पण देव मानणारा, असे लिहिलेले आढळते. ऑगस्ट १९३४ पासून सैनिकाला देवाची शपथ घेऊन हिटलरच्या व्यक्तिशः आज्ञेत बिनशर्त राहण्याचे वचन द्यावे लागे. श्रद्धा मनापासूनची असेल, तर ही शपथ मोडणे आणि पाळणे या दोन्हींत पाप होते. अनेकांनी ती पाळण्याचे कारण देऊन प्रश्नच टाळला. संग्राहक पदकांची पाने आधी उलटतो. खरे तर वाचन या रकान्यापासून सुरू व्हावे, आणि शेजारी त्या तुकडीने कोणत्या गावात, कोणत्या तारखेला काय केले याची नोंद ठेवावी. पाने सुटी करून किंवा छायाचित्र वेगळे काढून विकले, तर हा पुरावाच नष्ट होतो.