पाठ होतं, सर!

रडारड पुरे. पूर्वपरीक्षा आहे, बोर्ड नव्हे. आणि तू, खिडकीजवळचा, उभा राहा. मघाशी काय म्हणालास? "पाठ होतं सर, पण पेपर हातात आला आणि ब्लँक झालो."

आण इकडे ती भूमितीची उत्तरपत्रिका. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय. पक्ष लिहिलास, साध्य लिहिलंस, आकृती तर काय सुबक! पुढे अर्धं पान कोरं. अरे, पीसी आणि बीक्यू, दोन रेघा जोडायच्या होत्या. त्या जोडल्या असत्यास तर समान उंचीचे त्रिकोण आपोआप दिसले असते आणि क्षेत्रफळांवरून सिद्धता पुढे सरकली असती. पुस्तकात हेच पान पिवळ्या पेनाने रंगवलंयस, वर गुलाबी. होळी खेळलास की अभ्यास केलास?

पाचदा वाचलंस म्हणतोस. पाचव्यांदा वाचलेलं ओळखीचं वाटणारच. जिन्यात रोज भेटणारा माणूसही ओळखीचा वाटतो, नाव विचारलं की त त प प होते! अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर लिहिणारे पुढे. आता बोर्डाचा पेपर पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटांनी असतो का, तूच सांग.

हसू नका बाकीच्यांनी. तुमच्याही वह्या बघितल्यात मी. अपेक्षित प्रश्नसंच आणायचा, त्याला कव्हर घालायचं आणि त्यातली उत्तरं कादंबरीसारखी वाचायची. वर आई कौतुकाने सांगणार, रात्री दोनपर्यंत जागतो हो! दोनपर्यंत जागलेलं पोर सकाळी अकराच्या पेपरला वजाबाकी चुकतं. तीन वह्यांत दाखवू शकतो.

राहिलं तुमचं टेन्शन. खरोखर हातपाय गार पडणारी मुलं असतात, त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांनी पेन खाली ठेवावं, चार श्वास सावकाश सोडावेत आणि जो प्रश्न येतोय तो आधी घ्यावा. पेपर क्रमानेच लिहा असा बोर्डाचा नियम नाही. पण तुझं तसं नाही, बाळा. तू घरी एकदाही घड्याळ लावून कोऱ्या कागदासमोर बसलेला नाहीस. चाळीस गुण, दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. हा हिशोब तुला परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा कळला, मग घाम फुटणार नाही तर काय? बोर्ड शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, ती उत्तरं तपासायला. छताकडे बघायला नव्हे.

आणि पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं जुळवत उभं राहायचं नाही. मी तिथे असेन.

चला, पुस्तकं दप्तरात. सगळ्यांनी. एक कोरा कागद, वर तारीख. तेच प्रमेय, पक्षापासून सिद्धतेपर्यंत, पंधरा मिनिटं. अडलं तर अडलेल्या जागी फुली मारा आणि पुढे जा, फुलीचं मी बघतो. तू बस खाली. खिडकीबाहेर नको बघूस, सिद्धता तिकडे लिहिलेली नाही.